नवीन तारा लावल्यावर इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नाही, झणझणते, जड लागते: दोष कुठे शोधायचा

आधी लक्षणं. नवा संच चढवल्यावर यातलं काही दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

- सूर लावला की थोड्याच वेळात उतरतो. तार ओढून वाजवली की मूळ सुरावर परत येत नाही.
- खुंटी फिरवताना नटपाशी (मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेली पट्टी) 'टिंग' असा आवाज होतो आणि सूर हळूहळू न चढता एकदम उडी मारतो.
- तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासून झणझणतात. आधी असं होत नव्हतं.
- किंवा उलट: तारा फ्रेटबोर्डपासून उंच गेल्या, दाबायला जड लागतात.
- मोकळी तार सुरात आहे, पण तीच बाराव्या फ्रेटवर दाबली की बेसूर.
- ॲम्प्लिफायरमधून दोन तारा दणदणीत ऐकू येतात आणि बाकीच्या मेल्यासारख्या.
- तरंगत्या ट्रेमोलोचा (दांडीने सूर हलवण्याची सोय) ब्रिज, म्हणजे शरीरावरचा तारांचा आधार, पुढे झुकला किंवा मागे बसला.
- एकच तार पुन्हा पुन्हा तुटते.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ गिटारमध्ये नसतं. ते नव्या संचात असतं, नाहीतर तो चढवण्याच्या पद्धतीत. कुठलीही गिटार एका ठरावीक जाडीच्या तारांसाठी जुळवलेली असते. मानेचा बाक, नटच्या खाचा, सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते तो तुकडा) जागा, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा हे सगळं त्या तारांच्या ताणाशी तोललेलं असतं. जाडी बदलली की तो तोल जातो आणि गिटार 'बिघडली' असं वाटतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना काहीच खर्च नाही, शेवटच्या तपासण्यांत चुकीचा हात पडला तर गिटारला इजा होते.

पाकीट नीट वाचा

पाकिटावर 'इलेक्ट्रिक गिटार' लिहिलंय का ते बघा. 'ब्राँझ' किंवा 'फॉस्फर ब्राँझ' लिहिलं असेल तर त्या अकूस्टिक गिटारच्या तारा आहेत, आणि काही तारा मेल्यासारख्या वाजण्याचं कारण इथेच सापडलं. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज टिपणारा भाग, चुंबकावर चालतो. पोलादी तार त्या चुंबकाच्या क्षेत्रात हलली की पिकअपच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. ब्राँझचा चुंबकाशी काही संबंध नसतो. त्यामुळे अकूस्टिक संचातल्या वेटोळ्याच्या, म्हणजे गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेल्या, तारांचा फक्त आतला पोलादी गाभा 'ऐकू' येतो, तर सगळ्यात बारीक दोन साध्या पोलादी तारा पूर्ण जोरात वाजतात. पिकअप वरखाली करून हा फरक भरून निघत नाही. संच बदलणं हा एकच उपाय. नायलॉनच्या तारा लावल्या असतील तर पिकअपमधून काहीच येणार नाही.

तारेचं टोकही बघून घ्या. साध्या गिटारला एका टोकाला पितळी गोळी असलेल्या तारा लागतात. हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) नसलेल्या काही गिटारना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

जाडी जुळते का?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे थांबून नीट बघा.

तारेची जाडी, म्हणजे गेज, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. '९' म्हणजे ०.००९ इंच. संचाचं नाव पहिल्या (सगळ्यात बारीक) आणि सहाव्या (सगळ्यात जाड) तारेवरून पडतं. ९-४२ च्या संचात साधारणपणे ९, ११, १६, २४, ३२, ४२ अशा तारा असतात, १०-४६ मध्ये १०, १३, १७, २६, ३६, ४६. नवीन इलेक्ट्रिक गिटारवर बहुतेक वेळा या दोनपैकीच एक संच असतो.

एका हजारांशाने काय फरक पडणार, असं वाटतं. पण एकाच सुरात लावलेल्या साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९ ची जागा १० ने घेतली की पहिल्या तारेचा ताण जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो. सहाही तारा धरल्या तर २५.५ इंची स्केलवर ९-४२ चा एकूण ताण सुमारे ३९ किलो भरतो आणि १०-४६ चा सुमारे ४७ किलो. मान जवळपास आठ किलो जास्त ओढली जाते. ती पुढे वाकते आणि तारा उंच होतात. उलट १० वरून ९ वर आलात तर मान मागे सरळ होते, तारा फ्रेटला टेकतात आणि झणझण सुरू होते. लक्षणांच्या यादीतल्या दोन विरुद्ध तक्रारी एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

आधीची जाडी माहीत नसेल तर काढलेल्या तारा फेकू नका. डिजिटल कॅलिपरने मोजा, पण फ्रेटवर घासून चपटा झालेला भाग टाळून नट आणि खुंटी यांच्यामधला तुकडा धरा. पहिली तार ०.२३ मिमी भरली तर ९, ०.२५ भरली तर १०, ०.२८ भरली तर ११. खात्री करायला सहावी मोजा: १.०७ मिमी म्हणजे ४२, १.१७ मिमी म्हणजे ४६. कॅलिपर नसेल तर गिटारच्या मॉडेलचं नाव घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात मूळ तारांचं गेज शोधा, बहुतेक वेळा दिलेलं असतं.

जाडी वेगळी निघाली तर नवशिक्याने गिटार जुळवत बसण्यापेक्षा आधीच्या जाडीचा संच आणणं केव्हाही स्वस्त आणि सोपं. नव्या संचासाठी अख्खा सेटअप, म्हणजे गिटारची जुळवणी, बदलण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा तुम्हाला ती जाडी खरोखर हवी आहे.

ती हवी आहे का, हे ठरवायला थोडं गणित पुरतं. फेंडर पद्धतीच्या गिटारचा स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतचं अंतर, २५.५ इंच असतो. गिब्सन पद्धतीच्या गिटारचा साधारण २४.७५ इंच. स्केल कमी झाला की त्याच तारेचा त्याच सुरातला ताण कमी होतो, इथे सुमारे सहा टक्क्यांनी. म्हणून बोटं अजून तयार झालेली नसतील तर २५.५ इंचावर ९-४२ आणि २४.७५ इंचावर १०-४६ ही निवड चुकत नाही. त्याहून आखूड गिटारवर ९ च्या तारा लुळ्या लागतात, जरा जोरात दाबलं तरी सूर चढतो. तिथे १० बरी. सहावी तार उतरवून 'डी' मध्ये वाजवायची असेल तर पहिल्या तारा हलक्या आणि शेवटच्या जाड असा संच घ्या, उदाहरणार्थ १०-५२. साध्या १०-४६ मधली सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवली की ढिली होऊन फ्रेटवर आपटते. मग लोक मानेला दोष देतात.

धातूबाबत फार डोकं शिणवू नका. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा हीच नवशिक्याची योग्य निवड. शुद्ध निकेलच्या वेटोळ्याचा आवाज जरा मऊ, स्टेनलेस स्टीलचा जास्त चमकदार, पण ते कठीण असल्यामुळे फ्रेट लवकर झिजवतं. वरून पातळ आवरण दिलेल्या तारा घामाला जास्त काळ टिकतात, त्याने सूर टिकण्याची तक्रार मात्र जात नाही. चपट्या वेटोळ्याच्या तारा सध्या बाजूलाच ठेवा. त्यांचा ताण सहसा जास्त असतो आणि पुष्कळ संचांत तिसरी तारही वेटोळ्याची असते. ती साध्या तारेसाठी कापलेल्या खाचेत बसत नाही, शिवाय तिसऱ्या सॅडलची जागाही बदलावी लागते.

तारांचा क्रम आणि ट्यूनर

पहिली आणि दुसरी तार अदलाबदल होणं फार सोपं, कारण ९ आणि ११ डोळ्यांना सारख्याच दिसतात. दुसऱ्या जागी ९ गेली की ती रबरासारखी लुळी लागते, पहिल्या जागी ११ गेली की विनाकारण ताठ. काही संचांत गोळ्यांना रंग असतात. डॅडारिओच्या संचात पहिलीपासून सहावीपर्यंत चंदेरी, जांभळा, हिरवा, काळा, लाल, पितळी असा क्रम आहे. गोळी दिसत असेल तर दोन सेकंदांत उत्तर मिळतं.

ट्यूनरवर संदर्भ स्वर ४४० हर्ट्झ आहे ना, हेही बघा. बटण चुकून दाबलं जाऊन तो ४३२ किंवा ४४५ झालेला असतो, आणि मग गिटार स्वतःपुरती सुरात पण सोबतच्या वाद्यांशी बेसूर. शिवाय साधा ट्यूनर फक्त अक्षर दाखवतो, सप्तक दाखवत नाही. तार चढवताना इच्छित सूर मागे टाकून पुढच्या सप्तकाकडे गेलात तर पहिली तार हमखास तुटते. सहावीपासून पहिलीपर्यंत कंप्रता अशा: ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९, ३२९.६ हर्ट्झ. हर्ट्झ दाखवणारं मोबाइल ॲप वापरलं तर शंका राहत नाही.

खुंटीवरचे वेढे

सूर उतरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. खुंटीवर तार दहा वेढ्यांची, एकावर एक चढलेली असेल तर प्रत्येक वेढा वाजवताना थोडा थोडा आवळत राहतो आणि सूर खाली येत राहतो. एकच वेढा असेल तर तार निसटते. वेटोळ्याच्या तारांना दोन ते तीन आणि साध्या तारांना तीन ते चार वेढे पुरेसे. वेढे वरून खाली, एकमेकांना चिकटून, एकावर एक न येता. असे वेढे मिळवायला तार ताणून धरा आणि पुढच्या दीड ते दोन खुंट्यांपर्यंत पोचेल एवढी जास्तीची लांबी सोडून कापा. वेटोळ्याची तार कापण्याआधी त्या जागी काटकोनात मुडपा, म्हणजे वरचं वेटोळं सुटत नाही. लॉकिंग खुंट्या असतील तर वेढ्यांची गरज नाही. तार घट्ट ओढून लॉक करा, अर्ध्या वेढ्यात सूर लागतो.

याच वेळी हेडस्टॉकवरची तार दाबून धरणारी छोटी पट्टी, स्ट्रिंग ट्री, बघा. फेंडर पद्धतीच्या गिटारवर पहिल्या दोन तारा तिच्याखालून जायला हव्यात. घाईत त्या वरूनच गेल्या तर नटवर पुरेसा दाब पडत नाही आणि फक्त मोकळी तार सतारीसारखी झणझणते. दाबून वाजवली की आवाज स्वच्छ.

तारा ताणून घेतल्या का?

नवी तार पहिले काही दिवस बसत असते: गोळी तिच्या जागेत रुतते, वेढे आवळतात. हे एकाच बैठकीत उरकता येतं. सूर लावा. बाराव्या फ्रेटपाशी तार बोटांनी धरून फ्रेटबोर्डपासून एक-दोन सेंटिमीटर हलकेच उचला, सोडा, सूर पुन्हा लावा. उचलल्यावर सूर उतरायचा थांबेपर्यंत असं करा. बहुतेक तारा तीन-चार वेळांत थांबतात. पहिल्या तारेला जपून. आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावा. चढला असेल तर आधी खाली उतरवा, मग वर आणा, नाहीतर खुंटीच्या गियरमधली मोकळीक पुढच्या स्वराला सूर पाडते.

वेढे बरोबर, तारा ताणलेल्या, तरी सूर जातोय? मग नट.

नटमध्ये तार अडकते

'टिंग' आवाज म्हणजे तार खाचेत अडकून अचानक सुटली. ९ च्या तारांसाठी कापलेल्या खाचेत १० किंवा ११ घातली की हे हमखास होतं; सहसा तिसरी आणि चौथी तार आधी अडकते. तार थोडी ढिली करून खाचेतून बाजूला काढा, मऊ पेन्सिलीचं टोक खाचेच्या तळाशी आणि कडांना घासा, तार परत बसवा. शिशाची ती भुकटी कोरडं वंगण आहे. तेल मात्र घालू नका, ते लाकडात झिरपतं आणि धूळ धरतं.

शिशाने फरक पडला नाही तर खाच रुंद करावी लागेल. इथे थांबा. त्यासाठी ठरावीक जाडीच्या कानशी लागतात, आणि खाच केसभर जास्त खोल गेली की ती तार कायम पहिल्या फ्रेटवर झणझणत राहते. मग नट बदलणं किंवा खाच भरून पुन्हा कापणं एवढंच उरतं. खाच आधीच खोल आहे का, ते असं बघा: तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामध्ये बघा. कागदाएवढी फट दिसायला हवी. तार फ्रेटला टेकलेलीच असेल आणि मोकळी तार झणझणत असेल तर काम कारागिराचं आहे.

ब्रिज

तारा एकदम सगळ्या काढल्या असतील तर ट्यून-ओ-मॅटिक पद्धतीचा ब्रिज खांबांवरून निघून हातात येतो. परत बसवताना तो उलटा बसला की एकही तार बाराव्या फ्रेटवर सुरात येत नाही. जाड तारांच्या सॅडल नटपासून जास्त लांब असायला हव्यात, तिरक्या रांगेत. एवढं बघितलं तरी पुष्कळ वेळा काम होतं. हा त्रास टाळायचा तर पुढच्या वेळी एकेक तार काढून लगेच तिच्या जागी नवी घाला.

ट्रेमोलो असेल तर तो तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्यात तरंगत असतो. जाड तारांनी ब्रिज पुढे उचलला जातो, हलक्या तारांनी खाली बसतो. फेंडर पद्धतीच्या ब्रिजची मागची कड शरीरापासून साधारण ३.२ मिमी वर असावी. मागचं झाकण उघडा. स्प्रिंगा ज्या पंजात अडकवल्या आहेत त्याचे दोन स्क्रू दिसतील. ब्रिज जास्त उचलला गेला असेल तर दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत घ्या, पुन्हा सूर लावा, मग मोजा. सूर न लावता मोजलेलं अंतर कामाचं नाही, कारण ताण बदलला की ब्रिज हलतो. दुहेरी लॉकिंग ट्रेमोलोला (तारा नट आणि ब्रिज दोन्हीकडे आवळलेल्या) हेच लागू आहे, फक्त संयम जास्त हवा: एक तार लावली की बाकीच्या पाच हलतात. फेऱ्या माराव्याच लागतात.

मानेचा बाक, तारांची उंची, बाराव्या फ्रेटचा सूर

या तीन गोष्टी याच क्रमाने करायच्या. बाक बदलला की उंची बदलते, उंची बदलली की सूर बदलतो. उलट क्रमाने केलंत तर सगळं दोनदा करावं लागेल.

बाक मोजायला गिटार सुरात असू द्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ पात्यांचं मापक) मोजा. ०.२५ मिमीच्या आसपास असेल तर मानेला हात लावू नका. फट त्याहून बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली बाक जुळवणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, शून्य असेल तर उलट दिशेने फिरवायचा, एका वेळी पाव फेरा. पाव फेऱ्यानंतर सूर लावा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. किल्ली गिटारसोबत आलेलीच वापरा. जवळपास बसणारी ॲलन की ट्रस रॉडच्या टोकाचे कोपरे गोल करते, आणि ते एकदा गोल झाले की साधं काम मोठ्या दुरुस्तीत जातं.

ट्रस रॉड जोर लावूनही हलत नसेल, फिरतोय पण फट बदलत नसेल, किंवा कर्रकन आवाज आला, तर तिथेच थांबा. मानेच्या आतली सळई तुटू शकते.

मग उंची. फेंडर पद्धतीच्या गिटारवर सतराव्या फ्रेटवर साधारण १.६ मिमी हे सुरुवातीचं माप आहे. झणझण पूर्ण मानेवर असेल तर सॅडल थोडी वर घ्या. एकाच एका फ्रेटवर असेल तर दोष पुढच्या फ्रेटच्या उंचीत आहे, सॅडल उचलून तो फक्त लपतो. ॲम्प्लिफायरमधून ऐकू न येणारी हलकी झणझण मात्र सोडून द्या. कमी उंचीच्या गिटारवर ती असतेच.

शेवटी सूर. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून वाजवलेला स्वर आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नटपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. सॅडल हलवण्याआधी तार ढिली करा आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून तपासा. जुन्या, गंजलेल्या तारांवर हे काम करू नका: त्यांची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, आज जुळवलेलं नव्या तारांवर चुकतं.

तीच तार पुन्हा तुटते

तुटलेल्या तारेची लांबी बघा, ती जागा सांगते. गोळीपाशी तुटली तर सॅडलवर धारदार कड आहे. तिथून कापसाचा बोळा फिरवा, कापसाचे धागे अडकले की कड सापडली. बाराशे ग्रेडच्या पॉलिश कागदाची पातळ पट्टी खाचेतून दोन-चार वेळा ओढली की बहुतेक कडा बोथट होतात. खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड बघा. फ्रेटवर, मधेच तुटली तर तार जुनी होती, किंवा त्या फ्रेटवर खाच पडली आहे. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर गिटारमध्ये शोधू नका. पिक फार जाड आहे का आणि हात फार जड आहे का ते बघा.

कारागिराकडे केव्हा

नटची खाच कापायची असेल, एखादा फ्रेट उचललेला किंवा झिजलेला असेल, ट्रस रॉड प्रतिसाद देत नसेल, मान पिळलेली दिसत असेल, किंवा हेडस्टॉकच्या मुळाशी बारीकशी जरी भेग दिसली तरी. भेग असेल तर सगळ्या तारा आधी ढिल्या करा आणि तशीच घेऊन जा. योग्य संच लावूनही एक तार कायम मेलेली आणि पिकअपची उंची बदलूनही फरक नाही, तर पिकअप किंवा वायरिंग तपासून घ्यायची वेळ आली आहे.

नेताना तीन गोष्टी सांगा: कोणत्या गेजच्या तारा कायम लावणार, कोणत्या सुरात वाजवणार, आणि तक्रार नेमकी कोणत्या तारेवर कोणत्या फ्रेटवर आहे. त्याच गेजचा एक नवा संच सोबत द्या, म्हणजे सेटअप तुमच्याच तारांवर होईल.